आयोनाची टेकडी आणि आपली पांडवलेणी

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावरील डून ई ही टेकडी जेमतेम १०१ मीटर उंच असल्याने ती नाशिकच्या पांडवलेणीसारखी चपलांवरही चढता येईल, असे काही जण म्हणतात. उंचीचा मुद्दा मान्य, चपलांचा नाही. पांडवलेणीला पायऱ्या आहेत. डून ईवर मात्र वाट कुरणातून निघून पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) ओल्या, काळ्या जमिनीत शिरते आणि वरून घट्ट दिसणाऱ्या शेवाळावर मी विश्वासाने पाऊल टाकले तेव्हा बूट घोट्यापर्यंत आत गेला. (दर रविवारी अंजनेरीचा डोंगर चढण्याचा अभिमान तिथेच ओसरला.) खडकही आपल्या ओळखीचा नाही: आपला बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर तिथला नाईस हा पट्टेदार खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना, आणि समुद्रावरून आलेल्या भुरभुर पावसात त्याच्या गुळगुळीत पाठीवर तळवा ठरत नाही. माथ्यावरून स्टाफा बेट दिसते, पण वाऱ्यामुळे मला दगडांच्या राशीच्या आडोशाला बसूनच ते पाहावे लागले. जूनमध्ये तिथे रात्री दहानंतर सूर्य मावळतो, त्यामुळे उजेडावरून वेळेचा अंदाज न बांधता शेजारच्या मल बेटाकडे परतणाऱ्या शेवटच्या फेरीबोटीची वेळ आधीच पाहून ठेवावी.