घरी साबण करताना कॉस्टिक सोडा डोळ्यात उडाल्यास कोणती तयारी हवी?

प्रश्न
मी मागच्या पडवीत खोबरेल आणि एरंडेल तेलाचा साबण थोड्या प्रमाणात करते. हातमोजे आणि नंबरचा चष्मा वापरतेच; तरीही सोड्याच्या द्रावणाचा शिंतोडा उडालाच, तर हाताशी नेमके काय असावे? आमच्याकडे नळाला सकाळी तासभरच पाणी असते. व्हिनेगरची बाटली जवळ ठेवावी असे वाचले. ते योग्य आहे का?

उत्तर १
व्हिनेगर ठेवू नये. आम्ल (इथे व्हिनेगर) आणि अल्कली (इथे कॉस्टिक सोडा) एकत्र आल्यावर उष्णता निर्माण होते आणि त्या गडबडीत पाण्याने धुण्याचा मोलाचा वेळ जातो. डोळ्यात आम्ल गेले, तर बहुतेक आम्लांमुळे वरची प्रथिने साकळून निदान थोडा अडथळा तयार होतो. कॉस्टिक सोडा मात्र तुमच्या पातेल्यात तेलाचे जे करतो तेच पेशींमधल्या स्निग्ध पदार्थांचे करीत खोलवर जातो, म्हणून वेदना कमी वाटली तरी धुणे थांबवायचे नाही. डोळे धुण्याच्या उपकरणांसाठीच्या अमेरिकी मानकात मिनिटाला सुमारे 1.5 लिटर पाणी सलग 15 मिनिटे मिळावे अशी अपेक्षा आहे, म्हणजे साधारण 23 लिटर. अर्ध्या लिटरची बाटली मिनिटभरही पुरत नाही, हे यावरून लक्षात येईल. शिवाय अल्कलीसाठी 15 मिनिटेही अनेकदा अपुरी पडतात.

उत्तर २
माझ्या मते सर्वांत सोपा उपाय म्हणजे सोडा विरघळवण्याचे काम नळाला पाणी असतानाच उरकणे. ते जमत नसेल, तर तोटी असलेले 50 लिटरचे झाकणबंद पिंप पिण्यायोग्य पाण्याने भरून, उंचावर आणि सावलीत ठेवावे व तोटीला मऊ रबरी नळी जोडावी. गच्चीवरच्या टाकीवर अवलंबून राहू नये, कारण वैशाखातल्या दुपारी तिचे पाणी डोळ्यावर घेण्याजोगे नसते. त्याच मानकानुसार ते 16 ते 38 अंश सेल्सियसच्या दरम्यान असावे. पिंपापर्यंत डोळे मिटून, भिंतीला हात लावत, 10 सेकंदांत पोहोचता येते का हे आधी करून पाहावे. वाटेत पातेली आणि चपला नसाव्यात, हे सांगायला नकोच.

प्रश्नकर्ती
पिंपाची सोय होईल. पण एकटीने डोळा उघडा धरून धुणे जमेल का?

उत्तर ३
अवघड आहे, म्हणून त्या वेळी घरात दुसरे कुणीतरी असावे. पापण्या बोटांनी ताणून धराव्यात, बुबुळ सगळीकडे फिरवावे आणि धार नाकाच्या बाजूने बाहेरच्या कडेला जाऊ द्यावी, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात द्रावण जात नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास धुता धुताच काढावी. त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन करावा आणि सोड्याचे पाकीट रुग्णालयात नेण्यासाठी बाहेर काढून ठेवावे. कोरडा सोडा अंगावर सांडला, तर आधी झटकून मग भरपूर पाणी ओतावे. नंबरचा चष्मा कडेने उघडाच असतो. चेहऱ्याला घट्ट बसणारा, सरळ भोके नसलेला गॉगल त्यावरून घालावा. सोडा नेहमी थंड पाण्यात थोडा थोडा टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, आणि भांडे ॲल्युमिनियमचे नसावे.