प्रतिसाद: समुद्र नाही म्हणून काय झालं?
‘सांगली-साताऱ्याला समुद्रच नाही, इथली पोरं बीच सॉकरच्या (वाळूवरच्या फुटबॉलच्या) राष्ट्रीय संघात कशी जाणार’ हे वरचं म्हणणं काही पटलं नाही. स्वित्झर्लंडला कुठं समुद्र आहे? तरी २००९ च्या विश्वचषकात ते अंतिम सामन्यापर्यंत गेले, ब्राझीलकडून १०-५ असे हरले ते सोडा. २०२५ ला बेलारूसनं, म्हणजे चहूबाजूंनी जमिनीनं वेढलेल्या देशानं, अंतिम सामन्यात ब्राझीलला ४-३ पर्यंत झुंजवलं. लागते ती वाळू, निदान ४० सेंटिमीटर खोल आणि बारीक चाळलेली.

खरी गोची तिथंच आहे. आमच्या कृष्णाकाठची वाळू भरड, मध्येमध्ये शिंपल्यांचे तुकडे. त्यावर अनवाणी धावलं की तळवे सोलवटतात, आणि या खेळात बूट चालतच नाहीत. चेंडूही घरंगळत नाही, दोन हात अंतरावर जाऊन रुततो. पायाच्या बोटांनी उचलून हवेतच खेळवावा लागतो. १२ मिनिटांची तीन सत्रं ऐकायला किरकोळ, पण पोटऱ्या पहिल्या सत्रातच भरून येतात. गवताच्या मैदानावर खेळणाऱ्या भल्याभल्यांची तिथं भंबेरी उडते. उलट तालमीच्या लाल मातीत घाम गाळलेली पोरं जास्त टिकतील असं मला तरी वाटतं. निवड करणाऱ्यांनी एकदा इकडंही फिरकावं.