नाशिकमध्येच तक्रार करता येते, पण मुदत सांभाळा

कंपनीविरुद्ध ग्राहक म्हणून तक्रार करायची तर 'कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला, नाशिकहून तिकडे हेलपाटे कोण घालणार' असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय. जुन्या ग्राहक संरक्षण कायद्यात ही अडचण खरी होती. २०१९चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि तेव्हापासून तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही दावा टाकता येतो. म्हणजे माल कुठूनही मागवा, तुम्ही नाशिकच्या सिडको भागात राहत असाल तर नाशिक जिल्हा आयोग चालतो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

मला जास्त काळजी वाटते ती मुदतीची, जिच्याबद्दल इथे कुणी बोललंच नाही. दावा दोन वर्षांत दाखल करावा लागतो. माझ्या मेहुण्याच्या फ्रिजचं हेच झालं. कस्टमर केअरवाले 'तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे' असे मेल धाडत राहिले (भाषा अगदी गोड हं), हा वाट बघत राहिला आणि मुदत टळली. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जरूर फोन करा, बऱ्याच कंपन्या तेवढ्यानेही हलतात. पण तिथे नोंदवलेली तक्रार म्हणजे आयोगातला दावा नव्हे. उशीर झालाच असेल तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, मान्य करायचा की नाही ते मात्र आयोगाच्या हातात.