नील बापलेकांनी आयरिश सुरावटी वाचवल्या की बाटवल्या?

डब्लिनमध्ये ख्राइस्ट चर्चच्या आवारात जॉन नील आणि मुलगा विल्यम यांचं वाद्यांचं दुकान होतं. वाद्यं बनवायची, विकायची, शिवाय स्वरलिपीची पुस्तकं छापायची. १७२४ मध्ये त्यांनी निव्वळ आयरिश सुरावटींचा पहिला छापील संग्रह काढला. श्रीमंतांच्या वाड्यावाड्यांतून हार्प हे तारांचं वाद्य वाजवत फिरणारा अंध वादक कॅरोलन तेव्हा हयात होता. त्याच्याही चाली त्यात आहेत. माझ्या मते या दुकानदारांचे फार मोठे उपकार आहेत. हार्पची विद्या तोंडी चालायची. वादक गेला की त्याच्याबरोबर चाल गेली.

प्रतिसाद १
साफ असहमत. बाटवल्याच. संग्रहाचं शीर्षकच सांगतं: व्हायोलिन, जर्मन फ्लूट (आडवी बासरी) किंवा ओबोसाठी (फुंकून वाजवायचं वाद्य). हार्प कुठे आहे? त्या हार्पच्या तारा धातूच्या, नखांनी छेडायच्या, नाद बराच वेळ घुमत राहायचा. कोणती तार केव्हा बोटाने थांबवायची, यातच वादकाची खरी तालीम. छापील ओळीत त्यातलं काय उतरलं? 'ओ'रुर्कची मेजवानी' या आयरिश गाण्याच्या चालीवर तर लोरेन्झो बोक्की या इटालियन संगीतकाराने इटालियन पद्धतीची बढत चढवली आहे. आयरिश नावंसुद्धा इंग्रजी कानाला ऐकू आली तशी लिहिली.

प्रतिसाद २
फ्लूट विकणारा माणूस फ्लूटवाल्यांसाठीच छापणार, त्यात पाप काय? गिऱ्हाईक नसतं तर पुस्तकच निघालं नसतं. नुसता गल्ला भरणारा माणूसही नव्हता विल्यम. फिशॅम्बल स्ट्रीटवर १७४१ मध्ये उघडलेलं संगीतगृह त्याच्याच खटपटीचं. तिथेच १३ एप्रिल १७४२ रोजी संगीतकार हेंडेलचा 'मसाया' हा धार्मिक गायनप्रबंध पहिल्यांदा सादर झाला आणि त्या पैशांतून कर्जापायी तुरुंगात खितपत पडलेली माणसं सुटली.

प्रतिसाद १ (पुन्हा)
त्या दानाबद्दल आदरच आहे. पण त्याने हार्पचा नाद परत येत नाही. १७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळा भरला, तेव्हा एडवर्ड बंटिंग या संगीतकाराने समोर बसून वादन टिपलं. काम असं हवं.

धागाकर्ता
बंटिंगनेही १७९६ मध्ये छापताना त्या चाली पियानोसाठीच मांडल्या! त्याची टिपणवही मात्र अनमोल आहे, हे मान्य. आणि नीलच्या संग्रहाची आज ज्ञात असलेली एकुलती एक प्रत कुठे आहे? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात, याच बंटिंगच्या कागदपत्रांत. हार्पवादकांसमोर बसलेल्या माणसाला ती जपावीशी वाटली.

प्रतिसाद १
हे मला ठाऊक नव्हतं. 'बाटवल्या' हा शब्द मागे घेतो. ओबोबद्दलची तक्रार कायम.