ई46 एम3 चं मागचं सस्पेन्शन: रोजचा रस्ता आणि नॉर्डश्लाइफ, एकाच सेटिंगवर जमेल का?

स्टुटगार्टकर

नमस्कार मंडळी. गाडी बीएमडब्ल्यू ई46 एम3, 2003 चं मॉडेल. आठवडाभर ऑफिसला, मधूनमधून नॉर्डश्लाइफ (न्युर्बुर्गरिंगचा लांब ट्रॅक) नाहीतर हॉकनहाइमचं सर्किट. पुढे कॅम्बर (चाकाचा उभा तिरकेपणा) बदलायची प्लेट आणि 80 न्यूटन/मिमीच्या (1 मिमी दाबायला 80 न्यूटन जोर) स्प्रिंग आहेत, मागे सगळं कंपनीचंच.

तक्रारी दोन. वेगात ब्रेक सोडला किंवा अचानक रेस सोडली की मागची बाजू आपणहून जराशी वळते. आणि मागच्या टायरांची आतली कड बाकी टायरच्या खूप आधी संपते.

मनात असलेली यादी: ट्रेलिंग आर्मला (मागच्या चाकाला पुढून धरणारा दांडा) पॉलियुरेथेन बुश (सांध्यातली लवचीक नळी), सबफ्रेमला (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) अॅल्युमिनियमचे सॉलिड बुश, अॅडजस्टेबल लोअर आर्म आणि मागची स्प्रिंग शॉकवर चढवून खरा कॉइलओव्हर, 105 न्यूटन/मिमी. यातलं आधी काय, नकोच असं काय? कॅम्बर आणि टो (वरून बघता चाक आत किंवा बाहेर वळलेलं असणं) किती ठेवू?

पत्र्याचं_काम

यादी खिशात ठेवा, आधी मागचा पत्रा बघा. ई46 मध्ये सबफ्रेम ज्या पत्र्याला बोल्टने टांगलेली असते तो पत्रा थकतो. रेस दिली-सोडली की डिफरन्शियल (डिफ, मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) सबफ्रेमला पिळतो, तो पीळ चार माउंटमधून पातळ पत्र्यात उतरतो आणि स्पॉट वेल्डच्या कडेने भेगा पडतात. एम3 चा टॉर्क आणि ट्रॅकचे टायर म्हटल्यावर हे लवकर होतं.

तपासणी अशी: गाडी लिफ्टवर घ्या, चारही माउंटभोवतीचं अंडरसील खरवडून वायर ब्रश मारा आणि टॉर्च तिरपी धरून बघा. सरळ उजेडात केसाएवढी भेग दिसत नाही. सबफ्रेम न उतरवता निम्मंच दिसतं, म्हणून बुश बदलायला ती उतरणारच असेल तर पाहणी आणि मजबुतीकरण त्याच वेळी उरका.

भेग सापडली तर तिच्या टोकाला 3 मिमीचं भोक पाडून तिची वाढ थांबवायची, भेग घासून वेल्ड भरायचा आणि त्यावर रीइन्फोर्समेंट प्लेट. भेगेवर नुसती प्लेट ठोकून देणारे वर्कशॉप असतात, तिथून निघा. वेल्डिंगआधी डिकीतली बॅटरी सोडा. पुढची दोन माउंट पेट्रोल टाकीला खेटून आहेत, त्यामुळे टाकी खाली घेतलेली बरी. पत्र्याच्या वरच्या बाजूचं सीलर आणि इन्सुलेशन पेट घेतं, म्हणून डिकी रिकामी करून एक माणूस आग विझवायचं नळकांडं घेऊन वरच उभा हवा. काम झाल्यावर पोकळीत मेण मारायला विसरू नका, नाहीतर हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ आतून पत्रा खातं.

सॉलिड बुशने भेगा थांबतात हा समज सोडा. प्लेट नसताना ते बसवले तर रबर जो धक्का गिळत होतं तोही थेट पत्र्यावर जातो. प्लेटनंतर चालतील, पण डिफची शिट्टी केबिनमध्ये येईल. रोज ऑफिसला जायचं असेल तर नवे रबरी बुश पुरेत.

टो_आणि_कॅम्बर

तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं झिजलेल्या ट्रेलिंग आर्म बुशचीच वाटतात. बुश आडवा सरकला की रेस किंवा ब्रेक सोडताना चाकाचा टो बदलतो आणि मागचं चाक स्टिअरिंग करायला लागतं. आतली कड खाल्ली जाते तीही मुख्यतः टोमुळे. निगेटिव्ह कॅम्बरला (चाकाची वरची बाजू आत झुकलेली) उगाच शिव्या बसतात.

पण इथे पॉलियुरेथेन नको. ट्रेलिंग आर्म नुसता वर-खाली होत नाही, वरचा आणि खालचा आर्म चाकाला आत-बाहेरही ओढतात. म्हणजे बुशला फिरावंही लागतं आणि तिरकंही व्हावं लागतं. पॉली फिरू देतं, तिरकं होऊ देत नाही. सस्पेन्शन अडकल्यासारखं चालतं, आणि थोड्याच दिवसांत पॉली झिजून पुन्हा खेळ येतो. दोनच पर्याय धडाचे: नवा रबरी बुश आणि दोन्ही बाजूंना लिमिटर चकत्या, किंवा गोलाकार बेअरिंगचा बुश. दुसरा ट्रॅकवर उत्तम, पण रस्त्यावरची प्रत्येक खडी ऐकू येते आणि धूळपाण्याने बेअरिंग खडखडायला लागतं. तुमच्या वापराला पहिला.

बसवताना एक गोष्ट हमखास चुकते. रबरी बुशचा मधला बोल्ट गाडी ज्या उंचीवर उभी राहते त्या कोनातच आवळायचा असतो. चाक लोंबकळत असताना आवळलात तर गाडी खाली ठेवताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ब्रॅकेट बॉडीला लागलं की बोल्टपर्यंत नीट पोचता येत नाही, म्हणून उतरवण्याआधीच आर्म आणि ब्रॅकेटवर पेंटची एक सरळ रेघ मारा आणि ती जुळवून आवळा. मधला बोल्ट 110 न्यूटन-मीटर, ब्रॅकेटचे बॉडीत जाणारे तीन 77. गाडी खाली बसवणार असाल तर जुनी रेघ उपयोगाची नाही, नव्या उंचीवर कोन मोजून घ्या.

आकडे. कंपनीचा मागचा कॅम्बर उणे पावणेदोन अंशांच्या आसपास आहे. मिश्र वापराला उणे 2 अंश ठेवा, फक्त ट्रॅकला उणे 2.3 ते 2.5. टो-इन (चाकाची पुढची कड आत) प्रत्येक चाकाला 8 ते 10 मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). 18 इंची रिमवर 10 मिनिटं म्हणजे रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत साधारण 1.3 मिमीचा फरक, दोरी लावून घरीही तपासता येतो. मागे शून्य टो हॉकनहाइमच्या गुळगुळीत डांबरावर कुणी चालवेलही, पण नॉर्डश्लाइफवर उंचवट्यावरून ब्रेक मारताना गाडी चळते.

आधी कॅम्बर, मग टो. कॅम्बरचा एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की आर्म सरकवणारा) लोअर आर्मच्या आतल्या टोकाला आहे आणि तो फिरवला की टो हलतोच. टोसाठी ट्रेलिंग आर्मचं ब्रॅकेट सरकवायचं: आत ढकललं की टो-इन वाढतो.

स्प्रिंगचा_हिशोब

कॉइलओव्हरबद्दल थांबा! 105 चा आकडा कुठल्या तरी किटमधून उचललेला दिसतो आणि तो स्प्रिंग मूळ जागी, म्हणजे लोअर आर्मवर असतानाचा आहे. तिथे चाक 3 मिमी वर गेलं की स्प्रिंग जेमतेम 2 मिमी दबते. चाकापाशी ताकद मिळते ती या गुणोत्तराच्या वर्गाने: 105 × 0.66 × 0.66, म्हणजे जवळपास 46 न्यूटन/मिमी. तुमच्या पुढच्या 80 च्या स्प्रिंग चाकापाशी सत्तरीत येतात. जोडी छान आहे.

तीच 105 शॉकवर चढवलीत तर तिथलं गुणोत्तर एकच्या जवळ आहे, म्हणजे चाकापाशी दुपटीच्या आसपास. मागची बाजू पुढच्यापेक्षा कडक, आणि वळणातून बाहेर पडताना रेस दिली की गाडी फिरलीच समजा. शॉकवर लावायचीच असेल तर 50 च्या आसपासची हवी. शिवाय शॉकचा वरचा माउंट ज्या पत्र्यावर आहे तो फक्त डॅम्पिंगचा जोर घ्यायला केलेला, गाडीचं वजन पेलायला नाही. तो तसाही फाटतो, त्यामुळे स्प्रिंग मूळ जागी ठेवलीत तरी तिथे मजबुतीची प्लेट टाका.

अॅडजस्टेबल लोअर आर्म लगेच नकोत. याच आर्मवर स्प्रिंग बसते, म्हणजे गाडीचं वजन त्यावर. स्वस्तातला हलका आर्म इथे धोकादायक आहे. एक्सेंट्रिकची मर्यादा संपली, किंवा कर्ब चढून तो सरकायला लागला, तरच घ्या. तोवर बोल्टच्या डोक्यावर आणि सबफ्रेमवर पेंट पेनची खूण करा, सरकला तर लगेच कळेल.

स्टुटगार्टकर

आभार, यादी निम्मी झाली. ट्रॅकवर पोचल्यावर काय बदलायचं आणि घरून निघताना काय ठरवून निघायचं? आणि ट्यूव्हवाले (जर्मनीतली गाडी तपासणारी संस्था) काय बघतात?

घाटवळण

अलाइनमेंट घरून ठरवूनच निघा. ट्रॅकवर बदलायच्या गोष्टी तीन: शॉकचा रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडताना होणारा विरोध), मागच्या अँटी-रोल बारचं (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) भोक आणि टायरची हवा. एका वेळी एकच. बारला हात लावताना जपून, कारण भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: 21.5 मिमीचा बार काढून 23 चा लावला की तो साधारण 31 टक्क्यांनी कडक. बार कडक केला की वळणात आतलं चाक उचलायला लागतं आणि बाहेर पडताना पकड जाते. पाऊस आला तर आधी बार सैल करा, रिबाउंड नंतर.

आणि बंप स्टॉप (शॉकच्या चालीच्या शेवटी असणारा थांबा). गाडी खाली बसवली की मागचा शॉक त्यावर टेकायला लागतो आणि वळणाच्या मध्यावर मागची बाजू एकदम कडक होऊन सुटते. लोक बारला आणि डिफला दोष देत बसतात. शॉकच्या दांड्याला बारीक झिप टाय सैलसर बांधून एक फेरी मारा. ती सरकून बंप स्टॉपपर्यंत गेली असेल तर उंची वाढवा किंवा आखूड शॉक घ्या. नॉर्डश्लाइफवर हे आधी होतं, तिथल्या खळग्यांना आणि कारुसेल वळणाच्या काँक्रीटला सस्पेन्शनची चाल भरपूर लागते. मागे 20 मिमीपेक्षा खाली जाऊ नका.

ट्यूव्हचं म्हणाल तर सुट्या भागाबरोबर टाइलेगुटआख्टन (त्या भागाचा तपासणी अहवाल) असेल तर सोपं: तपासणी करून नोंद होते. कागद नसेल तर जर्मन वाहन नियमांच्या कलम 21 खाली स्वतंत्र तपासणी, तीही आधी इन्स्पेक्टरशी बोलून मगच भाग विकत घ्या. ते कागदावरच्या उंचीच्या मर्यादेत गाडी आहे का बघतात, टायर कुठे घासतो का बघतात, आणि चाक पूर्ण लोंबलं असताना स्प्रिंग जागेवर राहते का हेही. मागची सुटी स्प्रिंग इथेच नापास होते, तेव्हा हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंग जागेवर धरून ठेवणारी छोटी स्प्रिंग) लावा. नोंद न केलेल्या बदलाने गाडीचा परवाना धोक्यात येतो, आणि टुरिस्टनफार्टनच्या (कुणालाही पैसे भरून गाडी चालवता येते तेव्हाच्या) वेळी नॉर्डश्लाइफ कायद्याने टोलचा एकेरी रस्ताच असतो, तिथेही हेच नियम. विम्याच्या अटींत सर्किटबद्दल काय लिहिलंय तेही निघण्याआधी वाचा.