तापात झटका आला, पुढच्या वेळी घरी काय करायचं? (मदत हवी आहे)

धायरीत राहतो. लेक दीड वर्षाचा, वजन ११ किलो. रविवारी संध्याकाळी अंग जरा कोमट लागत होतं, मोजला नव्हता ताप. वरणभात भरवत होते तर एकदम डोळे वर, दातखीळ, हातपाय ताठ आणि झटके. ओठ निळसर. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला, शेजारच्या काकू दातांत चमचा घालायला निघाल्या. मी नुसती ओरडत होते. तसाच उचलून रिक्षात बसलो. सिंहगड रोडला ही गर्दी! वडगाव पुलाच्या अलीकडेच तो शांत होऊन झोपला.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, किती वेळ चाललं? मी म्हटलं दहा मिनिटं, नवरा म्हणाला दोन. घड्याळ कुणीच बघितलं नव्हतं. ताप १०३ निघाला. एक रात्र ठेवून घरी सोडलं. कागदावर झटका थांबवायचा मिडाझोलमचा नाकातला स्प्रे लिहिलाय, पण तो कधी मारायचा? आणि दर सहा तासांनी पॅरासिटामॉल दिलं तर झटका टळेल ना? रात्रभर कपाळाला हात लावून बसते हो.

– – –

आमच्या लेकीला तीनदा येऊन गेलाय, आता सात वर्षांची आहे, ठणठणीत. सहा महिने ते पाच वर्षं या वयातलं हे दुखणं. तीनातल्या साधारण एका मुलाला पुन्हा येतो, तेव्हा तयारी ठेवा.

झटका आला की जमिनीवर कुशीवर वळवायचं. घास, लाळ आपोआप ओघळते. मांडीवर उताणं धरलं तर तेच श्वासात जायची भीती. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही नाही. हातपाय दाबून धरू नका. आणि घड्याळ! बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटं झाली की स्प्रे आणि १०८. किती वेळा मारायचा ते वजनावर असतं, डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, एक प्रत पाळणाघरात द्या. थांबल्यावरही मूल शुद्धीवर येत नसेल, मान ताठ वाटली किंवा त्याच दिवशी परत आला तर थेट दवाखाना.

पॅरासिटामॉलने झटका टळत नाही, फक्त बाळाला बरं वाटतं. म्हणून जास्तीचे डोस देऊ नका. बाटलीवर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम औषध आहे की २५० ते वाचा, आमच्याकडे एकदा घोळ झाला होता.

– – –

आत्ताच बघितलं. फ्रीजच्या दारात दोन्ही आहेत, शेजारी शेजारी. २५० ची नवऱ्याने आणलेली, आणि मी दोन दिवस जुन्याच मापाने देतेय. डॉक्टरांना फोन लावते.