कोविडमधली घरपोच औषधं: सवलत ठेवावी की काढावी?

कोरेगावची लेक: २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राने अधिसूचना काढली, की परवानाधारक मेडिकल दुकानांनी ईमेलवर प्रिस्क्रिप्शन घेऊन औषधं घरपोच द्यायला हरकत नाही. महामारी सरल्यावर औषधविक्रेत्यांच्या संघटनेने ती मागे घ्या म्हणून मागणी लावून धरली. माझं मत स्पष्ट आहे, सवलत राहिलीच पाहिजे.

तेव्हा मी पुण्यात अडकलेली, आईबाबा गावी. बाबा ७८ वर्षांचे, दिवसातून दोनदा इन्सुलिन. इन्सुलिन टोचायचं शेवटचं पेन संपत आलं तेव्हा मी चिठ्ठीचा फोटो गावातल्या मेडिकलला पाठवला. तासाभरात त्यांचा मुलगा सायकलवरून दारात. स्टीलच्या थर्मासमध्ये बर्फ, त्यावर रुमालाची जाड घडी आणि त्यावर पेन, कारण बर्फ थेट लागला तर इन्सुलिन गोठून वाया जातं. थर्मास ओट्यावर ठेवून तो मागे सरकला आणि आईने पेन फ्रीजमध्ये ठेवेपर्यंत फाटकाशी उभा राहिला. महामारी संपली, पण बाबांना मेडिकलपर्यंत चालवत नाही ते नाहीच.

काउंटरमागून: ताई, तो मुलगा तुमच्या वडिलांना ओळखत होता म्हणून हे जमलं. अधिसूचनेच्या अटी बघा. त्याच महसुली जिल्ह्यात पोचवायचं. जुनाट आजाराची चिठ्ठी ३० दिवसांच्या आतली हवी, तात्पुरत्या आजाराची ७ दिवसांच्या आतली. नशेची औषधं आणि शेड्यूल एच-१, एक्स या कडक नियंत्रणाच्या सरकारी याद्यांमधली औषधं त्यात बसतच नाहीत. आता चिठ्ठी ईमेलवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर येते. तोच फोटो आणखी चार दुकानांत गेला असेल, तर मला कळणार कसं? माझ्या हातात कागद आला की मी त्यावर शिक्का मारतो.

परवाच एक आजी आल्या. पिशवी काउंटरवर रिकामी केली, तर दोन डॉक्टरांच्या दोन स्ट्रिपा. नावं वेगळी, आत दोन्हीकडे टेल्मिसार्टन हे बीपीचं औषधच. रोज दुप्पट डोस घेत होत्या आणि चक्कर येते म्हणत होत्या. घरी पाकीट टाकून परतणाऱ्या मुलाला हे दिसलं असतं का?

खिडकी नंबर चार: मी सरकारी रुग्णालयात औषधं देते. तुम्हा दोघांचा वाद विकत घेणाऱ्यांचा आहे. आमच्याकडचा माणूस एसटीने येतो, केसपेपर काढतो, डॉक्टरांच्या रांगेत उभा राहतो, मग पुन्हा आमच्या खिडकीवर. एवढं करून हातात महिन्याच्या गोळ्या आणि अख्ख्या दिवसाची मजुरी बुडालेली. कोविडमध्ये एआरटी केंद्रांनी, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रांनी, रुग्णांना शक्य तिथे तीन महिन्यांची औषधं एकदम दिली. बीपी-शुगरवाल्यांना ते कायमचं का नको? घरपोचपेक्षा मला हे मोठं वाटतं.

काउंटरमागून: साठा आहे का तेवढा? पहिल्या शंभर जणांना तीन-तीन महिन्यांचं दिलंत तर मागच्यांना ‘बाहेरून घ्या’ म्हणावं लागेल. आणि तीन महिने बीपी कोण मोजणार?

खिडकी नंबर चार: साठ्याचं खरं आहे, मागणी तिप्पट धरून आधी नोंदवावी लागेल. बीपी मात्र गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात मोजता येतं, त्यासाठी तालुक्याला खेपा कशाला? सरसकट सगळ्यांना द्या असं मी म्हणत नाही. ज्यांचा डोस सहा महिन्यांत बदललेला नाही त्यांनाच द्या. नव्या रुग्णाला महिन्याचंच.

कोरेगावची लेक: हे मला पटलं. काउंटरमागूनदादा, आजींची गोष्ट वाचून मी आत्ताच आईला फोन करून बाबांच्या सगळ्या स्ट्रिपांचे फोटो मागवले. पण उपाय म्हणून दार बंद करू नका. पाकीट पाठवण्याआधी फार्मासिस्टने स्वतः फोन करावा, ‘आणखी काय चालू आहे?’ एवढं विचारावं आणि वहीत लिहावं. ही अट घाला.

काउंटरमागून: गावातल्या दुकानाला ही अट मी आनंदाने मान्य करीन. पण ज्या ऑनलाइन विक्रेत्याचं गोदाम दुसऱ्या जिल्ह्यात आहे, त्याच्याकडून ती पाळून घेणार कोण? तपासणीला माणसं वाढवा, मग सवलतीचं बोलू. तोवर माझा विरोध कायम.